संध्याकाळचा पाय

“हुपरीकर, जरा कमी चांगलं चाला,” नांद्रेकर म्हणाला.

मी रंगमंचाच्या मधोमध उभा होतो. रंगमंच म्हणजे मिरजेच्या आमच्या पाटबंधारे कार्यालयाचं गोदाम, त्यात खडूने आखलेली एक चौकट आणि दार म्हणून उभं केलेलं लोखंडी कपाट.

“कमी चांगलं म्हणजे कसं?”

“तुम्ही हवालदार शिंत्रे आहात. लढाईत तुमचा पाय गेलाय. तो मला कुठे दिसत नाही.”

“गेलाय म्हटल्यावर दिसणार कसा, सर?”

मालनताई पदर तोंडाला लावून हसल्या. मालन कुंभोजे आमच्याकडे टपाल बघायच्या आणि नाटकात माझ्या बायकोचं काम करायच्या. नांद्रेकर हसला नाही. तो कॉलेजात मराठी शिकवायचा, आमचं नाटक त्यानेच लिहिलं होतं आणि तोच बसवत होता. मार्च महिन्यातही तो खांद्यावर स्वेटर टाकून दोन्ही बाह्यांची छातीवर गाठ मारायचा. दिग्दर्शक असा दिसतो अशी त्याची समजूत होती. तेव्हा मी त्याला अहोजाहो करत होतो. आता सांगताना करायची गरज वाटत नाही.

माझा पाय खरोखरच गेलेला होता. डावा, गुडघ्याखाली वीतभर सोडून. लढाईत नव्हे. कालव्याच्या पाहणीला जाताना आमची सरकारी जीप उलटली आणि माझ्या पायावर बसली. नंतर मी कृत्रिम पाय लावला, आरशासमोर आणि दुकानांच्या काचांसमोर चालायला शिकलो, आणि पुढे असा चालायला लागलो की नवा आलेला कारकून सहा महिने माझ्याबरोबर चहाला यायचा तरी त्याला पत्ता नव्हता. या गोष्टीचा मला, आता लपवण्यात अर्थ नाही, गर्व होता.

अपघाताआधी मी नाटकात कामं करायचो. नंतर आमच्या नाट्यमंडळाने मला पडद्यामागे बसवलं आणि हातात संहिता दिली. इतरांची विसरलेली वाक्यं मी अंधारातून सांगायचो. लोक म्हणायचे, हुपरीकरांचा आवाज काय आहे. अंधारात आवाजच दिसतो. त्यामुळे नांद्रेकरने ‘पांगळी पहाट’ या नाटकात मला मुख्य काम दिलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शेवटी माझ्यातला नट बघितला.

नाटक सुमार होतं. हवालदार शिंत्रे घरी खुर्चीत बसून असतो आणि लांबलांब वाक्यं बोलतो. पण शेवटचा प्रसंग चांगला होता. साहेबलोक त्याला शाल पांघरून त्याच्याबरोबर फोटो काढायला दारात येतात. हवालदार उठतो, काठी टाकतो, अख्खा रंगमंच चालत दारापर्यंत जातो आणि त्यांच्या तोंडावर दार लावतो. पडदा.

त्या चालण्यासाठी मी नाटकात होतो. भरल्या सभागृहासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काठीशिवाय.

आता पायाचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कापून उरलेला पाय, त्याला मी खुंट म्हणतो, दिवसभर एका मापाचा राहत नाही. रात्री कृत्रिम पाय काढून झोपलात की तो फुगतो. सकाळी तो पायाच्या पेल्यात घट्ट बसतो. पेला म्हणजे ज्यात खुंट घालायचा तो पोकळ भाग. डॉक्टर त्याला सॉकेट म्हणतात. मग चालून, दाबून, दिवसभरात खुंटातलं पाणी वर सरकतं आणि तो उतरतो. सकाळी गच्च असलेला पेला संध्याकाळी सैल होतो. खुंट आत धसतो, हाड तळाला लागतं, गुडघ्याखालची कातडी घासते, आणि कितीही शिकलेला माणूस असो, लंगडतो. उपाय साधा आहे. पाय काढायचा, खुंटावर आणखी एक लोकरी मोजा चढवायचा, पुन्हा पाय घालायचा. मोजा कमी पडला तर दुखतं, जास्त झाला तर आत जातच नाही. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं हे जसं हाताला कळतं तसं ते आपल्याला कळावं लागतं. माझ्याकडे मोज्यांची एक पिशवी असायची. तालमीला यायच्या आधी मी जुन्या कपाटामागे जाऊन पुन्हा पाय बांधायचो. त्यावर कोणी काही बोलत नसे.

एक दिवस पिशवी घरी राहिली.

त्या संध्याकाळी मी शेवटचा प्रसंग केला तो दात खाऊन. प्रत्येक पावलाला आत हाड आपटत होतं. दाराशी पोचेपर्यंत मी घामाने निथळलो होतो आणि कपाटाला धरून उभा राहिलो. वर बघितलं तर नांद्रेकरच्या डोळ्यांत पाणी.

“हेच,” तो म्हणाला. “हुपरीकर, हेच मी महिनाभर मागतोय. आज काय केलंत?”

“काही नाही केलं. मोजे विसरलो.”

मग त्याने मला चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं. सकाळी कसा असतो, संध्याकाळी कसा असतो, किती वाजता उतरायला लागतो, बसून राहिलं तर काय होतं, उन्हाचं काय होतं. पायाबद्दल इतकं मन लावून मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. तो मान हलवत गेला.

दुसऱ्या दिवशी शेवट बदलून आला. हवालदार दाराकडे निघतो, अर्ध्या वाटेवर कोसळतो, बायको धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि साहेबलोक आत येऊन त्याला शाल घालतात. आयुष्यात त्याने लिहिलेली एकच चांगली गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने खोडली.

“सर, पण दार कोण लावणार?” मी विचारलं.

“दार उघडंच राहतं. करुणेचं दार.”

“पडायचं कशाला? इतक्या वर्षांनंतर माणूस चांगला चालतो. मी चालतो.”

“तुम्ही चालता. पण लोकांना कळायला नको?”

“मग गळ्यात पाटी अडकवू का?”

“काय ओ सर,” मालनताई मध्ये पडल्या, “ते नेमके पडायचे कुठं ते तरी सांगा. मला गुडघे आहेत. यांचं डोकं मांडीवर घ्यायला मला आधी खाली बसायला लागणार.”

नांद्रेकरने खडूने फुली मारून दाखवली. मी तिथे पडायला लागलो. नाटक आंतरविभागीय स्पर्धेसाठी होतं, प्राथमिक फेरी सांगलीला आणि पहिलं येणारं नाटक अंतिम फेरीला पुण्याला. मालनताईंना पुण्याच्या मोठ्या रंगमंचावर एकदा उभं राहायचं होतं. घरून परवानगी त्या एकाच वर्षाची मिळाली होती. सासू म्हणाली होती, काय हौस असेल ती यंदा फेडून घे. मंडळींचे चेहरे बघून मी भांडलो नाही. मनात मात्र ठरवलं, पडेन, पण तोवर नीट चालेन. निम्मा रंगमंच तर निम्मा.

आमचा प्रयोग सकाळचा लागला होता. मला आनंद झाला, कारण सकाळी मला मोजेसुद्धा लागत नाहीत. आठवड्याने नांद्रेकरने सांगितलं, वेळ बदलून घेतली आहे, संध्याकाळचा शेवटचा प्रयोग आपला. संध्याकाळी गर्दी असते. कुणाची हरकत नव्हती. माझीही नव्हती. माझ्याकडे पिशवी होती.

सांगलीला आम्ही दुपारीच पोचलो. ऊन मरणाचं. आधीचं नाटक लांबलं, मग प्रमुख पाहुणे यायचे राहिले, आणि आम्ही रंगपटात तोंडाला रंग लावून बसलो. संध्याकाळपर्यंत माझा खुंट पेल्यात डब्यातल्या खड्यासारखा वाजायला लागला. मी खुर्ची भिंतीकडे वळवली, विजार वर केली आणि पिशवीकडे हात नेला. खुंटीवर पिशवी नव्हती.

“मालनताई, माझी पिशवी बघितली?”

त्या आरशात बघून कुंकू लावत होत्या. हात थांबला.

“सरांनी घेतली की. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय.”

नांद्रेकर विंगेत उभा राहून विजेच्या माणसाला सूचना देत होता. मी एका हाताने भिंत धरत तिथवर गेलो.

“सर, मोजे.”

“मोजे सुरक्षित आहेत. जीपमध्ये.”

“जीप कुठे आहे?”

“पाहुण्यांना आणायला गेली.”

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हुपरीकर, रागावू नका. एका प्रयोगाचा प्रश्न आहे. त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याही नटाला जमणार नाही. तुम्ही फक्त चाला. दुखेल ते आपोआप चेहऱ्यावर येईल. तुम्हाला अभिनय करावाच लागणार नाही.”

“म्हणून संध्याकाळचा प्रयोग घेतलात.”

“सकाळी तुम्ही फार बरे असता,” तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी मायेने सांगितलं.

मला मारामारी येत नाही. दोन्ही पाय होते तेव्हाही येत नव्हती. मी परत रंगपटात आलो आणि खुर्चीत बसलो. माझा चेहरा बघून मेकअपवाल्या मान्यांना वाटलं, हा पहिल्यांदाच उभा राहतोय. त्यांनी धीर दिला.

“काय झालं?” मालनताईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शिवी दिली, ती जैनाघरच्या बाईच्या तोंडून मी प्रथमच ऐकली.

“फडकी गुंडाळून चालेल का?”

“चुणी पडली की कातडी सोलते. मोज्यासारखं नळीचं काहीतरी पाहिजे. लोकरीचं.”

आम्ही दोघांनी एकदमच खुंटीकडे बघितलं. प्रकाशाच्या तालमीत उकडत होतं म्हणून नांद्रेकरने स्वेटर काढून ठेवला होता. हातांनी विणलेला, दुहेरी लोकरीचा, तपकिरी.

“त्यांच्या बायकोनं विणलाय,” मालनताई म्हणाल्या.

“मग राहू दे.”

“राहू दे कशाला? तिला विचारलं तर ती दोन्ही बाह्या देईल.” त्यांनी मान्यांची कात्री उचलली.

बाही कोपरापाशी कापून त्यांनी मनगटाच्या टोकाला गाठ मारली. गाठ बाहेर ठेवून मी ती खुंटावर चढवली, एक घडी गुडघ्याखाली घेतली, आणि पाय घालून उभा राहिलो. आत कुठेही हाड लागलं नाही. इतका नेमका पाय मला तयार केलेल्या मोज्यांनीही कधी बसला नव्हता, हे नांद्रेकरच्या बाबतीत मान्य करावं लागेल.

नाटक सुरू झालं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. खुर्चीत बसून हवालदाराची ती लांबलांब वाक्यं मी बोललो, आणि बोलताना माझ्या मनात एकच होतं: विंगेत उभा असलेला नांद्रेकर माझं दुखणं यायची वाट बघतोय. लोक म्हणाले, तुमचा आवाज त्या दिवशी भिंतीला लागत होता. रागाला आवाज चांगला असतो.

शेवटचा प्रसंग आला. दारात साहेबलोक शाल घेऊन उभे राहिले. मी काठी टाकली आणि चालायला लागलो. घाई केली नाही. टाच टेकवली, चवडा टेकवला, गुडघा सोडला, जसा काचांसमोर शिकलो होतो तसा. नांद्रेकरने इथेही मारलेली खडूची फुली आली. फुलीवर पाय देऊन मी पुढे गेलो.

“पडा,” विंगेतून आवाज आला. “हुपरीकर, पडा की.”

मालनताई माझ्या दिशेने धावायला म्हणून निघाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. मी दारापाशी पोचलो. शाल घेतलेला साहेब म्हणजे आमच्या लेखाविभागातला पाटसकर. तो कुजबुजला, “आता मी काय करू?” मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

पडदा पडायला पाहिजे होता, पण पडदेवाला माझ्या पडण्याची वाट बघत होता. मी दाराला पाठ लावून उभा. आता बोलायचं कुणी आणि काय, ते संहितेत नव्हतं. मालनताईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या, “कडी पण लावा.”

मी कडी लावली. टाळ्या पडल्या तेव्हा पडदेवाला भानावर आला.

त्या स्पर्धेत एक पद्धत होती. प्रयोग झाला की मंडळी रंगमंचावर ओळीने उभी राहायची आणि मुख्य परीक्षक दोन शब्द बोलायचे. परीक्षक सोनाळकर म्हणून वयस्कर गृहस्थ होते, मऊ बोलणारे. त्यांनी संहितेतल्या उणिवा सांगितल्या, मालनताईंचं कौतुक केलं, “कडी पण लावा” हे वाक्य लेखकाचं सर्वांत चांगलं वाक्य आहे असं म्हणाले. नांद्रेकरने नम्रतेने मान झुकवली. मग ते माझ्याकडे वळले.

“हवालदाराचा आवाज उत्तम. संताप खरा वाटला. पण एक सांगतो, राग मानू नका. पाय नसलेला माणूस असा चालत नाही. तिथे तुमचा अभ्यास कमी पडला. दोन्ही पायांचा माणूस पाय नसल्याचं सोंग करतोय आणि मध्येच ते विसरतोय, असं झालं. अशा भूमिकेआधी एखाद्या अपंग माणसाबरोबर चार दिवस काढावेत. तेवढं सोडलं, तर हे नाटक पुण्याला जायच्या योग्यतेचं आहे.”

ओळीच्या टोकाला उभा असलेला नांद्रेकर पुढे आला.

“सर, क्षमा करा,” तो म्हणाला. “हुपरीकरांना खरंच पाय नाही.”

सभागृहात उठून निघालेली माणसं थांबली. मागच्या रांगेतली दोन परत खाली बसली.

“असं?” सोनाळकरांनी माझ्या पायांकडे बघितलं. आधी उजव्याकडे. “पण मग ते आम्हाला कळायला नको का?”

“तेच तर मी त्यांना सांगत होतो,” नांद्रेकर म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, लाडाने, “हुपरीकर, जरा विजार वर करा. एवढीच. गुडघ्यापर्यंत.”

सोनाळकरांनी चष्मा लावला. त्यांच्यात वाईट काही नव्हतं. त्यांना गुण द्यायचे होते आणि ते बघून द्यायचे होते. पहिल्या रांगेत एका बाईने मुलीला पुढे बघता यावं म्हणून मांडीवर घेतलं. आमची सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर पुणे लिहिलेलं होतं. पाटसकरच्या हातात ती शाल अजून होती.

मी हात दोन्ही बाजूंना सोडून उभा राहिलो.

“सरांचा काहीतरी गैरसमज झालाय,” मी म्हणालो. “माझे दोन्ही पाय जागेवर आहेत.”

“हुपरीकर,” नांद्रेकर म्हणाला.

“बक्षिसाच्या आशेने माणूस काहीही बोलतो. सोनाळकर साहेब, आपली सूचना बरोबर आहे. माझा अभ्यास कमी पडला.”

सोनाळकरांनी चष्मा काढून मिटला. नांद्रेकरकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती मी जपून ठेवली आहे. “अपंगत्वाचं असं भांडवल करू नये,” ते म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहून तो पुढच्या माणसाकडे दिला.

आम्हाला कुठलंच बक्षीस मिळालं नाही. नांद्रेकर पाहुण्यांच्या गाडीतून निघून गेला. स्वेटर त्याने हातात घडी करून घेतला होता. त्याला दीडच बाही आहे हे तोवर त्याच्या लक्षात आलं नव्हतं किंवा आलं होतं. मंडळातले बाकीचे टेम्पोत सामान भरत होते. माझ्याशी कुणी बोललं नाही. पाटसकर तेवढा म्हणाला, “तुझं तू बघितलंस,” आणि नेपथ्याचं दार उचलून गेला.

मिरजेच्या बसला वेळ होता. मालनताई थांब्याच्या बाकावर तोंडाचा रंग पुसत बसल्या होत्या. मी शेजारी उभा राहिलो.

“खोटं बोललात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“वीतभर कापड वर करायचं होतं. मी पुण्याला गेले असते.”

माझ्यात राग होता, पण त्यांच्यापुढे तो काढून दाखवण्यासारखा नव्हता.

“तुम्ही विजार वर केली असती?” मी विचारलं. “माझ्या जागी असता तर?”

त्यांनी रंगाने भरलेल्या रुमालाची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. बस आली, माणसं चढायला लागली तरी त्या उठल्या नाहीत.

“नसती केली,” त्या म्हणाल्या. “मेले असते तरी नसती केली. पण पुण्याला परत कोण पाठवणार मला? मी तुमच्यावर चिडलेय. समजूत काढू नका.”

त्या चढल्या. मागून मी चढलो. बस अर्धी रिकामी होती, कुठेही बसता आलं असतं. त्यांनी खिडकीची जागा धरली, बाकावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. मी बसलो. मिरज येईपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या.